सरकारी वकील ते महाधिवक्ता : एका पदपरंपरेचा परिचय

डोंबिवलीच्या रामनगर, विष्णुनगर, टिळकनगर किंवा मानपाडा पोलीस ठाण्यात नोंदवलेला गंभीर गुन्हा प्रथम कल्याणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर, गुन्हा सत्र न्यायालयाने चालवण्याजोगा असेल, तर तो सत्र न्यायाधीशांकडे सुपूर्द होतो. निकालानंतर आरोपी किंवा राज्य, ज्याला तो मान्य नसेल तो पक्ष, मुंबई उच्च न्यायालयात अपील करतो. फाशीची शिक्षा तर उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अमलातच येत नाही. मोजकी प्रकरणे तेथून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात पोचतात. या साऱ्या वाटचालीत फिर्यादी पक्ष एकच असतो, तो म्हणजे महाराष्ट्र राज्य. त्याचा वकील मात्र प्रत्येक पायरीवर निराळा असतो. खटला वर चढत जातो आणि तो उभा करणारा वकील बहुधा आपल्याच पायरीवर राहतो.

या नियमाला अपवाद ठरलेली काही माणसे मुंबईच्या वकिलीच्या इतिहासात होऊन गेली. साक्षीदारांच्या पिंजऱ्यासमोर उभे राहून खटला चालवणे आणि राज्याचा किंवा देशाचा प्रमुख विधिज्ञ म्हणून घटनात्मक प्रश्नांवर बाजू मांडणे, ही दोन्ही कामे त्यांनी सारख्याच अधिकाराने केली. चंद्रकिसन दफ्तरी हे त्यांतील सर्वांत ठळक नाव. त्यांची कारकीर्द नीट समजायची, तर आधी या पदांची रचना समजून घ्यायला हवी.

सर्वांत खालची, पण कामाच्या ओझ्याने सर्वांत जड पायरी म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता. न्यायालयाच्या आवारात त्याला सर्रास एपीपी म्हणतात. तो न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात काम करतो. महाराष्ट्रात ही नोकरी कायम स्वरूपाची असून निवड लोकसेवा आयोगामार्फत होते. पूर्वी या न्यायालयांत पोलीस खात्यातीलच अभियोक्ते खटले चालवीत. ज्याने तपास केला त्याच खात्याच्या माणसाने खटलाही चालवावा, ही व्यवस्था १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मोडीत काढली. सहायक अभियोक्त्याचा दिवस रिमांडच्या अर्जांनी सुरू होतो. आदल्या दिवशी अटक केलेल्या आरोपींना चोवीस तासांच्या आत हजर करावे लागते, म्हणून पोलीस हवालदार कागदांचे गठ्ठे घेऊन सकाळपासून उभे असतात. कोठडी कशासाठी हवी आणि किती दिवस हवी, हे त्या गठ्ठ्यातून काही मिनिटांत वेचून न्यायाधीशांना सांगायचे असते. राज्याच्या वकिलाची सामान्य नागरिकाशी पहिली गाठ पडते ती येथे.

त्यावरची पायरी सत्र न्यायालयातील सरकारी वकिलाची. जिल्ह्याला एक जिल्हा सरकारी वकील असतो आणि त्याच्या हाताखाली अतिरिक्त सरकारी वकील असतात. जिल्हा सरकारी वकील फौजदारी खटल्यांबरोबर सरकारचे दिवाणी दावेही पाहतो. ठाण्यात कोर्टनाक्यावरील जिल्हा न्यायालय हे या यंत्रणेचे मुख्यालय. कल्याणला अतिरिक्त सत्र न्यायालये असल्याने कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या दाट वस्तीच्या पट्ट्यातील गंभीर खटले तेथेच चालतात. या सरकारी वकिलांची नेमणूक कायम नोकरीसारखी नसते. सात वर्षे वकिली केलेल्या व्यक्तींची यादी जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याने तयार करतात आणि शासन त्यातून निवड करते, असे संहितेतील मूळ सूत्र आहे. महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वतःपुरती दुरुस्ती करून सत्र न्यायाधीशांचा हा सल्ला वगळला आणि त्या जागी राज्य शासनाची मान्यता आणली. माझ्या मते ही दुरुस्ती दुर्दैवी होती. कोणता वकील साक्षीदाराची तपासणी कशी करतो, हे रोज पाहणारा माणूस सत्र न्यायाधीशच असतो. त्याचे मत विचारात न घेता नेमणूक करणे म्हणजे सर्वांत जाणत्या माणसाला दाराबाहेर ठेवणे होय.

सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे. हे तत्त्व सांगितले जाते पुष्कळदा, पण त्याचा खरा अर्थ एका खटल्याने स्पष्ट केला आणि तो खटला त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याशी संबंधित होता. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये निकाल दिला. प्रश्न टाडा या दहशतवादविरोधी कायद्याचा होता. तपास ठरलेल्या मुदतीत पुरा झाला नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मुदत वाढवायची असेल, तर सरकारी वकिलाचा अहवाल न्यायालयापुढे यावा लागतो. व्यवहारात तपास अधिकाऱ्याचा अर्जच वकिलाची सही घेऊन पुढे सरकवला जाई. न्यायालयाने सांगितले, की सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही. पोलिसांची कारणे वाचून, त्यांवर स्वतःच्या बुद्धीने विचार करून, ती पटली तरच त्याने अहवाल द्यायचा. पटली नाहीत, तर तो मुदतवाढ मागण्यास नकार देऊ शकतो.

या निकालाचे मोल ठाण्याच्या मोक्का न्यायालयात आजही जाणवते. संघटित गुन्हेगारी नियंत्रणाच्या १९९९ च्या राज्य कायद्यातही नव्वद दिवसांची मुदत एकशे ऐंशीपर्यंत वाढवण्यासाठी सरकारी वकिलाचाच अहवाल लागतो. नव्वदावा दिवस जवळ आला, की तपास अधिकारी केस डायरी आणि मसुदा घेऊन वकिलाच्या टेबलाशी येतो. कोणते आरोपी फरारी आहेत, कोणत्या बँकेचे उतारे यायचे आहेत, न्यायसहायक प्रयोगशाळेचा कोणता अहवाल बाकी आहे, हे त्याने बाबवार सांगायचे आणि वकिलाने प्रत्येक बाबीवर प्रश्न विचारायचा. आधीच्या नव्वद दिवसांत हे का झाले नाही, हा त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न. चांगला सरकारी वकील तो विचारतो. त्याने विचारला नाही, तर बचाव पक्षाचा वकील विचारतो आणि मग उत्तर द्यायची वेळ निघून गेलेली असते.

सत्र खटल्यातील त्याची खरी कसोटी मात्र साक्षीपुराव्याच्या दिवशी लागते. सरतपासणीत साक्षीदार पोलिसांना दिलेल्या जबाबापासून ढळू लागला, की वकिलाला तत्काळ ठरवावे लागते : विस्मरण झाले आहे, भीती आहे की तो फितूर झाला आहे? फितूर ठरवून न्यायालयाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची, तर त्याच्या साक्षीतील जो भाग उपयोगाचा राहिला आहे तोही धोक्यात येतो. हा निर्णय कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नसतो. तो साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे पाहून घ्यावा लागतो. उल्हासनगरातील १९९० सालच्या एका गाजलेल्या खुनाचा निकाल कल्याणच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. तेवीस वर्षांनंतर साक्षीदाराच्या स्मरणशक्तीवर जेवढा ताण येतो, तेवढाच खटला चालवणाऱ्याच्या चिकाटीवरही येतो.

वकील ढिला पडला तर काय होते, याचे उदाहरण गुजरातमधील बेस्ट बेकरी प्रकरणाने दिले. साक्षीदार ओळीने फिरले, आरोपी सुटले आणि सरकारी वकिलाने आपले कर्तव्य केले नाही, असे ताशेरे ओढत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये फेरखटल्याचा आदेश दिला. तो खटला महाराष्ट्रात वर्ग झाला आणि मुंबईत नव्याने चालून २००६ मध्ये त्यात शिक्षा झाल्या. पुराव्याचा मूळ विषय तोच होता, पण खटला चालवणारे हात बदलल्याने निष्पत्ती बदलली.

गुंतागुंतीच्या किंवा लोकक्षोभाच्या प्रकरणांत शासन विशेष सरकारी वकील नेमते. त्यासाठी दहा वर्षांची वकिली लागते. पीडित पक्षाने मागणी केली, एवढ्याच कारणाने अशी नेमणूक यांत्रिकपणे होऊ नये, विधि परामर्शींनी प्रकरणाची गरज तपासावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मुकुल दलाल प्रकरणात १९८८ मध्ये बजावले आणि तेही महाराष्ट्राच्याच विधि अधिकारी नियमांच्या संदर्भात. या पदाला महाराष्ट्रात घरोघरी ओळख मिळवून दिली ती उज्ज्वल निकम यांनी. जळगावच्या जिल्हा न्यायालयात सरकारी वकील म्हणून सुरुवात केलेल्या निकमांकडे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला आला आणि पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अजमल कसाबचा. कसाबला मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नामनिर्देशित केले. त्यांची कारकीर्द संसदेपर्यंत पोचली, पण महाधिवक्तापदाच्या वाटेने नव्हे. जिल्हा न्यायालयातून उभ्या राहिलेल्या फौजदारी वकिलाची वाट त्या पदाकडे सहसा वळतच नाही.

महाधिवक्ता हे पद संविधानाच्या अनुच्छेद १६५ ने निर्माण केले आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची नेमणूक राज्यपाल करतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंत ती व्यक्ती पदावर राहते. राज्य शासनाला कायदेशीर सल्ला देणे आणि सोपवलेली विधिविषयक कामे पार पाडणे, हे तिचे कर्तव्य. अनुच्छेद १७७ प्रमाणे महाधिवक्त्याला विधानसभेत आणि विधानपरिषदेत बोलण्याचा अधिकार असतो, मतदानाचा नसतो. न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची कारवाई एखाद्या नागरिकाला सुरू करायची असेल, तर महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. राज्याच्या बार कौन्सिलचा तो पदसिद्ध सदस्य असतो. केंद्रात याच जागी महान्यायवादी असतो आणि त्याच्या खालोखाल सॉलिसिटर जनरल.

हे पद स्वातंत्र्यानंतर नव्याने आलेले नाही. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्याला महाधिवक्ता होता आणि १९३५ च्या कायद्याने प्रत्येक प्रांतासाठी ते पद बंधनकारक केले. त्या काळात राजद्रोहाचे मोठे खटले तोच चालवी. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवरील खटल्यात सरकारची बाजू महाधिवक्ता बेसिल लँग यांनी मांडली होती. प्रमुख विधिज्ञ हाच प्रमुख अभियोक्ता, ही जुनी रीत होती. परकीय सत्तेची ती रीत स्वतंत्र देशाने एकदा फार मोठ्या प्रसंगी वापरली आणि तेथेच दफ्तरींची कामगिरी येते.

चंद्रकिसन दफ्तरी यांचा जन्म १८९३ चा. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात ते मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. गुन्हा दिल्लीत घडला, पण कटाचे धागे मुंबई, पुणे, अहमदनगर, ग्वाल्हेर असे पसरलेले होते. तपासाचा मोठा भाग मुंबई पोलिसांच्या विशेष शाखेचे उपायुक्त जमशेद नगरवाला यांच्याकडे होता. ठाण्याचे नावही या खटल्याच्या कागदपत्रांत आले आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आरोपींपैकी विष्णू करकरे ठाण्यात एका परिचिताच्या घरी उतरला होता. तेथून पुण्याला सहआरोपी नारायण आपटेच्या पत्त्यावर गेलेली तार पुराव्यातील एक दुवा ठरली. बहुतांश साक्षीदार मुंबई प्रांतातले होते आणि पुष्कळांची भाषा मराठी होती. खटल्याची धुरा मुंबईच्या महाधिवक्त्याकडे सोपवली गेली, यात आश्चर्य नाही.

लाल किल्ल्यात विशेष न्यायालय बसले. न्यायाधीश होते आत्माचरण. मुंबईचाच सार्वजनिक सुरक्षाविषयक कायदा दिल्लीला लागू करून या न्यायालयाची स्थापना झाली होती. पिंजऱ्यात आठ आरोपी होते आणि नववा, दिगंबर बडगे, माफीचा साक्षीदार झाला. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. कामकाज इंग्रजीत चाले आणि हिंदुस्थानी, मराठी व तेलुगू या तीन भाषांत दुभाषे ते समजावून सांगत, कारण शंकर किस्तय्या या आरोपीला तेलुगूच नीट समजत असे. दफ्तरींना मुख्यतः परिस्थितिजन्य पुरावा एकत्र बांधायचा होता : हॉटेलांच्या नोंदवह्या, विमानप्रवासाच्या नोंदी, तारा, टॅक्सीचालकांच्या साक्षी, शस्त्राचा माग. गोळी कोणी झाडली याबद्दल वादच नव्हता. तिच्यामागे कट होता की तो एकट्याचा निर्णय होता, हे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर होता आणि गोळी झाडणाऱ्या नथुराम गोडसेचे म्हणणे दुसरे होते.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना फाशी, इतर पाच जणांना जन्मठेप झाली आणि विनायक दामोदर सावरकर निर्दोष सुटले. सावरकरांविरुद्धचा पुरावा माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर उभा होता आणि त्याला पुरेशी स्वतंत्र पुष्टी नव्हती. सरकारने या निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील केले नाही. एवढ्या मोठ्या राष्ट्रीय आघातानंतर, जनक्षोभ टोकाला गेलेला असताना हे घडले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरकारी वकिलाने शिक्षा मिळवण्यासाठी नव्हे, तर न्यायालयापुढे पुरावा प्रामाणिकपणे ठेवण्यासाठी उभे राहायचे असते. पुरावा पुरला तेथे शिक्षा झाली, कमी पडला तेथे सुटका झाली आणि राज्याने दोन्ही स्वीकारले.

दोषी ठरलेल्यांची अपिले सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयात न्या. भंडारी, न्या. अच्छ्रुराम आणि न्या. खोसला यांच्यापुढे मे १९४९ मध्ये सुनावणीस आली. तेथेही सरकारची बाजू दफ्तरींनीच मांडली. ज्याने साक्षीदारांना समोरासमोर पाहिले, तोच वकील अपिलात कागदावरची साक्ष वाचून दाखवीत होता. अपिलात दत्तात्रय परचुरे आणि शंकर किस्तय्या सुटले, बाकीच्या शिक्षा कायम झाल्या. पहिल्या साक्षीपासून अपिलाच्या निकालापर्यंत एकाच हाताने चालवलेला असा खटला आपल्याकडे विरळाच.

२८ जानेवारी १९५० रोजी सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. देशाचे पहिले महान्यायवादी म्हणून मोतीलाल सेटलवाड आणि पहिले सॉलिसिटर जनरल म्हणून दफ्तरी यांची नेमणूक झाली. म्हणजे स्वतंत्र भारताचे दोन्ही सर्वोच्च विधि अधिकारी मुंबईचे माजी महाधिवक्ता होते. सेटलवाड १९३७ ते १९४२ या काळात त्या पदावर होते. ही जोडी तेरा वर्षे टिकली. मार्च १९६३ मध्ये सेटलवाड निवृत्त झाल्यावर दफ्तरी महान्यायवादी झाले आणि ऑक्टोबर १९६८ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढे १९७२ मध्ये ते राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य झाले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. लाल किल्ल्यात त्यांना साहाय्य करणाऱ्या वकिलांपैकी जयंतीलाल शहा यांची वाट न्यायासनाकडे वळली. मुंबई उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि डिसेंबर १९७० मध्ये अल्पकाळासाठी सरन्यायाधीशपद असा त्यांचा प्रवास झाला. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणारा शहा आयोग त्यांचाच.

सरकारी वकिलीतून वर गेलेले दुसरे ठळक नाव मराठी आहे. पुण्यात १९२० मध्ये जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड १९५२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सहायक सरकारी वकील आणि १९५८ मध्ये सरकारी वकील झाले. त्यांच्या वाट्याला खुनाचा गाजलेला नानावटी खटला आला. सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपैकी आठ जणांनी आरोपीला निर्दोष ठरवले होते. न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे राज्याची बाजू चंद्रचूडांनी मांडली आणि ११ मार्च १९६० रोजी नानावटींना जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपालांनी सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती शिक्षा स्थगित केली. एकाच राज्याने एका बाजूने शिक्षा मागितली आणि दुसऱ्या बाजूने ती थांबवली. राज्यपालांच्या या अधिकाराचा प्रश्न उभा राहिला तेव्हा महाधिवक्तापदी होरमसजी सीरवाई होते. अभियोक्त्याचे काम आणि महाधिवक्त्याचे काम यांतील अंतर या एका प्रकरणात जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. पहिल्याने पुराव्यापुरते पाहायचे, दुसऱ्याने राज्यसत्तेच्या मर्यादेकडे पाहायचे. सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रकरण आपल्यापुढे प्रलंबित असताना राज्यपालांचा तो आदेश चालणार नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली. चंद्रचूड त्याच वर्षी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले होते. फेब्रुवारी १९७८ ते जुलै १९८५ ही त्यांची सरन्यायाधीशपदाची कारकीर्द आजवरची सर्वांत दीर्घ आहे.

सीरवाई १९५७ ते १९७४ इतका काळ महाधिवक्ता राहिले. केशवानंद भारती प्रकरणात त्यांनी सरकार पक्षाचा युक्तिवाद केला आणि याच काळात भारतीय संविधानावरील आपला विख्यात ग्रंथ लिहिला. ते फौजदारी वकिलीतून आलेले नव्हते, सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमधून आले होते. कांगाही मुंबईचे महाधिवक्ता होते. त्या एका चेंबरने सीरवाई, नानी पालखीवाला, सोली सोराबजी आणि फली नरिमन हे चार मातब्बर दिले. मुंबईच्या महाधिवक्तापदाची परंपरा अशी मुख्यतः उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील दिवाणी आणि घटनात्मक वकिलीतून घडली. गुलाम वहानवटी यांनीही १९९९ मध्ये महाराष्ट्राचे महाधिवक्ता, २००४ मध्ये सॉलिसिटर जनरल आणि २००९ मध्ये महान्यायवादी अशा तिन्ही पायऱ्या याच वाटेने चढल्या.

राज्यपालांच्या मर्जीवर अवलंबून असलेले पद असल्याने त्यात अस्थिरताही आहे. स्वतंत्र विदर्भ आणि मराठवाड्यासंबंधी केलेल्या वक्तव्यांवरून वाद झाल्यावर श्रीहरी अणे यांनी मार्च २०१६ मध्ये राजीनामा दिला. उलट २०१७ मध्ये नेमलेले आशुतोष कुंभकोणी सत्तांतरे होऊनही २०२२ पर्यंत पदावर राहिले. शासन बदलले तरी त्याच विधिज्ञाचा सल्ला घेता येतो, हे त्यातून दिसले.

सत्र न्यायालयातला सरकारी वकील आणि मुंबईतला महाधिवक्ता एकाच वेळी एकाच प्रकरणात उभे राहतात, तेव्हा ही सारी उतरंड सामान्य माणसाच्या नजरेस पडते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा आरोपीच्या कोठडीचे कामकाज कल्याणला चालले होते. शासनाने निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून घोषणा केली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर तेथे महाधिवक्ता बीरेंद्र सराफ यांना पोलिसांच्या दिरंगाईबद्दल न्यायमूर्तींच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले. कल्याणच्या वकिलाला आरोपीविरुद्ध बोलायचे होते, मुंबईतल्या वकिलाला राज्याच्या वर्तनाचा हिशेब द्यायचा होता. जबाब कधी नोंदवला, गुन्हा कधी दाखल झाला, कोणाला किती वेळ बसवून ठेवले, हे तपशील ज्या पायरीवर घडतात, त्या पायरीची जाण नसेल तर वरच्या पायरीवरचा अत्यंत हुशार वकीलही अपुरा पडतो. म्हणूनच फौजदारी न्यायालयातील अनुभवाला महाधिवक्त्याच्या कार्यालयात अधिक जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

अभियोग यंत्रणा पोलिसांपासून वेगळी आणि स्वतंत्र हवी, ही शिफारस विधि आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात केली होती. त्या आयोगाचे अध्यक्ष सेटलवाडच होते. देशाच्या प्रमुख विधिज्ञाने सर्वांत खालच्या न्यायालयातील अभियोक्त्याचा विचार केला होता, हे विसरता कामा नये. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, २००५ च्या दुरुस्तीने, अभियोग संचालनालयाची तरतूद संहितेत आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवून जिल्हा पातळीवरही संचालनालय नेता येईल, अशी सोय केली. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलाने केला, तर पीडिताचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय न्यायालयाने परवानगी देऊ नये, ही तरतूदही याच संहितेत आली. सरकारी वकिलाच्या हाती असलेला हा सर्वांत मोठा अधिकार त्यामुळे अधिक उघडा झाला.

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या तरुण वकिलाला कायद्याने ही वाट बंद केलेली नाही. सहायक अभियोक्ता म्हणून केलेल्या सेवेची वर्षे सरकारी वकिलाच्या नेमणुकीसाठी वकिलीची वर्षे म्हणूनच धरली जातात. सरकारची पगारी नोकरी करणारा अभियोक्ता हा वकील राहतो की नाही, हा प्रश्न जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. २०१३ मध्ये दीपक अग्रवाल विरुद्ध केशव कौशिक या प्रकरणात न्यायालयाने तो वकीलच राहतो, असा निर्णय दिला, कारण न्यायालयात उभे राहून बाजू मांडणे हेच त्याचे काम असते. उच्च न्यायालयातील सरकारी वकिलांची पदे त्यामुळे जिल्ह्यातून आलेल्या अभियोक्त्यांनाही खुली आहेत आणि चंद्रचूडांची पुढची वाटचाल तेथूनच सुरू झाली होती.